प्रतिमानिदान विभागातील कामाचा ताण (सोलापूर)

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय विभागांतील तंत्रज्ञ, क्षकिरणतज्ज्ञ व परिचर यांना कामापायी येणारा शारीरिक-मानसिक थकवा. तो मुरत गेला की माणूस गळून जातो, कामाविषयी तुसडा होतो, आपल्या हातून काही धड होत नाही असे त्याला वाटू लागते. यालाच बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची गणना आजारात न करता कामाशी निगडित स्थितीत केली.

बाहेरच्यांना इथे पहिली धास्ती वाटते ती किरणांची. खरे तर मोजमाप त्यांचेच चोख असते. शिशाच्या एप्रनखाली छातीशी लावलेला, अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३०. रांग, घाई आणि नातेवाइकांचा चढा आवाज मात्र कुठल्याच बॅजवर उमटत नाही.

सोलापुरात त्यात भाषेची भर. शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही कानावर पडते. विजयपूर, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. छातीचा एक्स-रे काढताना ‘श्वास रोखा’ हे एकाच सकाळी ‘उसिरु हिडी’ आणि ‘ऊपिरि बिगपट्टंडी’ असेही सांगावे लागते. धाप लागलेली आजी नेमकी त्याच क्षणी ‘काय?’ म्हणून वळते. चित्र हलते, एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. तिला किरणांची आणखी एक मात्रा मिळते आणि दाराबाहेरून ‘आमचा नंबर कधी?’ सुरू होते.

एप्रनचे ओझे वेगळेच. घडी घातली तर आतल्या शिशाला चिरा पडतात, म्हणून तो टांगूनच ठेवायचा. पण मे महिन्यातल्या रात्रपाळीत पोर्टेबल एक्स-रे यंत्र ढकलत वॉर्डातून परतलेल्या माणसाला तो दिसेल त्या खुर्चीवर टाकावासा वाटतो.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचा खांदा-मनगट दुखतेच, वर गर्भवतीच्या तपासणीची नोंद करायच्या एफ फॉर्मची टांगती तलवार. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार या नोंदीतली चूकही उल्लंघन धरली जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवरच.

रात्री जोडीला दुसरा माणूस आणि पाळ्यांची आलटापालट एवढ्यानेही बराच फरक पडतो. सीटी यंत्रात श्वासाच्या सूचना स्थानिक भाषेत रेकॉर्ड करून ठेवता येतात. एक्स-रेच्या खोलीत बहुधा तंत्रज्ञाच्या घशावरच भागवावे लागते.