बॉल मिल (सिरॅमिक उद्योग)

बॉल मिल म्हणजे आडवे फिरणारे पोकळ पिंप. त्यात कठीण गोटे, कच्चा माल आणि पाणी घालून ते तासन्‌तास फिरवतात. गोटे वर चढतात, एकमेकांवरून घरंगळतात आणि मध्ये सापडलेले कण चिरडले जातात. टाइल, पोर्सेलीन, विजेचे इन्सुलेटर, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) यांचा माल बहुधा असाच तयार होतो. तत्त्व पाट्यावरच्या वाटणाचे : पाणी घालून वाटले की माल एकजीव होतो आणि धूळ उडत नाही. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो. म्हणून कोरडी पोती मिलमध्ये ओतताना मास्क हवाच.

पुण्यातल्या कुंभारवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मडकी घडली ती बॉल मिलशिवाय. गाळाची माती निसर्गानेच बारीक केलेली असते. ती भिजवायची, चाळायची, तुडवायची. पांढऱ्या भांड्यांचे तसे नाही. पुण्याची जमीन काळ्या पाषाणाची. म्हणून फेल्डस्पार (भट्टीत वितळून माल सांधणारे खनिज) आणि चिनी माती राजस्थान-गुजरातकडून येते. त्यातला फेल्डस्पार आणि गारगोटी हे खडकच. मिलमध्ये आधी हा कठीण माल दळतात आणि चिनी माती बरीचशी शेवटी घालतात, कारण ती मुळातच बारीक असते.

पिंपाचा वेग नेमका लागतो. फार हळू फिरले तर गोटे नुसते घसरतात, फार जोरात फिरले तर भिंतीला चिकटून गरगरतात आणि दळण थांबते. हा चिकटण्याचा वेग १ मीटर व्यासाच्या मिलला मिनिटाला सुमारे ४२ फेरे इतका येतो. मिल त्याच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने, म्हणजे २८ फेऱ्यांच्या आसपास चालवतात. पिंप लहान असेल तर फेरे वाढवावे लागतात. पोटाचा जवळजवळ अर्धा भाग गोट्यांचा; त्यांच्या फटी भरून थोडा वर येईल इतकाच घोळ, म्हणजे पाण्यात कालवलेला माल.

लोखंडी गोळे येथे चालत नाहीत. झिजून उतरलेला लोखंडाचा कण भट्टीत पांढऱ्या ग्लेझवर काळा ठिपका होऊन उमटतो. म्हणून गोटे गारेच्या दगडाचे किंवा अ‍ॅल्युमिना, झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचे, आणि आतले अस्तर दगडी विटांचे, अ‍ॅल्युमिनाचे किंवा रबराचे. पुण्यात पाषाण रस्त्यालगतच्या पंचवटीतील सी-मेट या सरकारी प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक सिरॅमिकवर संशोधन चालते. अशा कामात तर गोट्यांच्या झिजेचा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.

पाण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोअरवेलचे जड पाणी वापरले की त्यातल्या कॅल्शियममुळे ओतकामाचा (साच्यात ओतून भांडी करण्याचा) घोळ घट्ट होतो, मग तो पातळ करणारे सोडियम सिलिकेट कितीही घाला, तो हवा तसा पातळ होत नाही. नळाचे पाणी मिळत असेल तर तेच वापरावे.

दळण झाले की नाही हे घड्याळ सांगत नाही, चाळणी सांगते. मोजून घेतलेला घोळ २०० मेशच्या (इंचाला २०० छिद्रांच्या) चाळणीवर ओतायचा, नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, उरलेला चोथा वाळवून तोलायचा. बोटांना तो रवाळ लागतो. चोथा जास्त निघाला तर मिल पुन्हा चालू करायची. मात्र फार वेळ दळलेले ग्लेझही धोक्याचे : ते भांड्यावर वाळताना आकसते, तडकते, आणि भट्टीत ठिकठिकाणी गोळा होऊन खालची माती उघडी पडते. असा घोळ पुन्हा भरडा करता येत नाही.