वियोगविषयक चित्रपुस्तके

जवळच्या माणसाचा किंवा पाळीव प्राण्याचा मृत्यू, आईवडिलांचे वेगळे होणे, घर वा देश सोडावा लागणे, नव्या जागी परकेपण वाट्याला येणे आणि हळूहळू तिथे रुजणे, अशा अनुभवांवरची मुलांसाठीची सचित्र कथापुस्तके. ती बहुधा ३२ पानांची असतात. मजकूर थोडा, बराचसा भार चित्रांवर.

मृत्यू कायमचा असतो, तो सर्वांना येतो आणि त्यानंतर शरीराचे काम थांबते, हे बहुतेक मुलांना साधारण ५ ते ७ या वयात उमगू लागते. त्याआधी ‘आजोबा झोपले’ असे सांगितले, तर मूल ते शब्दशः घेते आणि त्याला झोपेचीच भीती बसू शकते. म्हणून या प्रकारातली चांगली पुस्तके ‘मेले’ हा शब्द टाळत नाहीत.

त्यांची खरी ताकद शब्द आणि चित्र यांच्यातल्या विसंगतीत असते. मायकल रोझेन यांनी मुलाच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या ‘सॅड बुक’च्या (२००४) आरंभी क्वेंटिन ब्लेक यांच्या चित्रातला माणूस हसतो आहे, मजकूर मात्र सांगतो, की तो दुःखी आहे आणि आनंदी असल्याचे सोंग करतो आहे. शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’मध्ये (२००६) तर कथनाला शब्दच नाहीत. नव्या शहरातल्या पाट्या कल्पित लिपीत असल्याने वाचकही त्या स्थलांतरितासारखाच निरक्षर होतो. परकेपण समजावून सांगण्यापेक्षा ते असे भोगायला लावणे कितीतरी परिणामकारक.

या साहित्याला संस्थात्मक आधार मिळाला तो युद्धोत्तर जर्मनीत. नाझी राजवटीमुळे लंडनला गेलेल्या ज्यू पत्रकार येला लेपमन १९४५ मध्ये परतल्या. त्यांनी १९४६ मध्ये म्युनिकमध्ये अनेक देशांतल्या बालपुस्तकांचे प्रदर्शन भरवले, १९४९ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे केले आणि १९५३ मध्ये झुरिकला ‘इब्बी’ या बालपुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पायाभरणी केली. याच संस्थेने २०१२ मध्ये इटलीच्या लॅम्पेदूसा बेटावरील स्थानिक आणि निर्वासित मुलांसाठी जगभरातून शब्दविरहित पुस्तके जमवायला सुरुवात केली. अशा पुस्तकांना भाषेची अट नसते.

आशा दाखवताना मात्र अनेक लेखक घाई करतात. कुत्रा मेला, की शेवटच्या पानावर नवे पिल्लू हजर! समीक्षकांचा दुसरा आक्षेप मोठ्यांवर आहे: पुस्तक औषधासारखे, फक्त दुःखातल्या मुलालाच दिले जाते. ज्याच्या वर्गमित्राचे वडील गेले आहेत, त्या मुलाच्या हाती ते क्वचितच पडते.