विद्यार्थी अधिष्ठाता आणि क्रीडा संचालक

महाविद्यालयात वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्याची जबाबदारी असलेली दोन पदे. पहिल्याकडे वसतिगृह, शिस्त, तक्रारी आणि विद्यार्थी मंडळ. दुसऱ्याकडे मैदान, संघ आणि स्पर्धा. अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांत या पदांना विशेष वजन असते. तेथे बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात आणि त्यांचे आचरण, उपासना व खेळ ही संस्थेच्या शिकवणुकीचीच अंगे मानली जातात. अशा महाविद्यालयांची वेगळी क्रीडा संघटनाही १९६८ पासून आहे.

ही परंपरा भारतात मुख्यतः वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेमार्फत आली. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. तेथेच घडलेले हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. प्रशिक्षित क्रीडाशिक्षक कॉलेजांना मिळू लागले ते अशा संस्थांमधून.

महाराष्ट्रात मुंबईचे विल्सन, नागपूरचे हिस्लॉप आणि १९४७ मध्ये स्थापन झालेले अहमदनगर कॉलेज ही ख्रिस्ती महाविद्यालये नावाजलेली. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्येच आले होते, पण मिशनचा भर शाळा व वैद्यकीय सेवेवर राहिला. उच्च शिक्षणाची सोय संस्थानाच्या राजाराम कॉलेजने (१८८०) केली. राहण्याचा प्रश्न शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे काढवून सोडवला. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. मैदान तर तालमींचेच. म्हणजे या दोन्ही पदांचा निम्मा कारभार कोल्हापुरात कॉलेजच्या फाटकाबाहेर आधीच सुरू होता, आणि येथील कामाचा खरा पेच त्यातून येतो.

कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत अंगाने किरकोळ म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेतले नाही. प्राचार्यांकडे गेल्यावर परवानगी मिळाली, असे सांगतात. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. नियमावलीत न बसणारे हे काम; पण कोल्हापुरात क्रीडा प्रशासनाची गोष्ट निघाली की आधी हेच निघते.

आज शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) संलग्न महाविद्यालयांत ‘विद्यार्थी अधिष्ठाता’ हे पद सहसा नसते. ते काम प्राचार्य, विद्यार्थी विकास समिती, वसतिगृहाचे रेक्टर आणि रॅगिंगविरोधी समिती यांच्यात वाटले जाते. रॅगिंगबाबत राज्याचा १९९९ चा कायदा लागू आहे. क्रीडा बाजूला मात्र शारीरिक शिक्षण संचालक हे स्वतंत्र पद आहे. त्याच्या निवडीत धावण्याची चाचणीही असते: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१८ च्या नियमांनुसार तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीने ८ मिनिटांत १००० मीटर. इतर विषयांच्या उमेदवारांना ही शिक्षा नाही.

नेमणुकीनंतरची धावपळ बहुतांशी कागदांची. जिमखान्याच्या खोलीत एका बाजूला जाळीत बांधलेले फुटबॉल आणि मॅटचे गुंडाळे, दुसऱ्या बाजूला पात्रता अर्जांचा गठ्ठा. प्रत्येक अर्जाला बारावीची गुणपत्रिका, फोटो, प्राचार्यांची सही आणि शिक्का. एक कागद राहिला तर तयारीचा खेळाडू विभागीय स्पर्धेला बाहेर बसतो. त्यात प्रवासभत्ता, किट, सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव आणि परीक्षेची तारीख स्पर्धेवर आली की विभागप्रमुखांची मनधरणी.

पैलवान पहाटे तालमीत जोर-बैठका मारून आलेला असतो. सकाळच्या तासाला त्याचा डोळा लागतो आणि हजेरी भरत नाही. फुटबॉलपटूची निष्ठा आधी पेठेच्या संघाशी. शाहू स्टेडियमवरचा हंगाम रंगात आला की कॉलेजच्या सरावाला अकरा जण जमवणे अवघड, आणि सामन्यावरून पेठांत तणाव वाढला तर तो दुसऱ्या दिवशी वर्गातही पोचतो. अशा वेळी शिस्त समिती नोटीस काढते, क्रीडा संचालक मात्र आधी पेठेतल्या मंडळाच्या जाणत्या कार्यकर्त्याला फोन लावतो. बहुतेक वेळा फोनचाच उपयोग होतो.