मुलं अमेरिकेला, आई व्हीआरएसवर : एका पिढीच्या रिकाम्या घरांची पार्श्वभूमी

पन्नाशीतल्या बाईनं संस्कृतच्या परीक्षा द्याव्यात, पेटी शिकावी, चौघी-पाचजणींनी मिळून लडाख गाठावं, याचं पुण्या-ठाण्यात आता कुणाला नवल वाटत नाही. मुलं मार्गी लागली, आता ती स्वतःसाठी जगते आहे, असं कौतुकही होतं. पण असं जगू पाहणारी पहिली मोठी पिढी नोकरदार बायकांची होती. घर रिकामं होण्याच्या बेतात असताना त्यांतल्या कित्येकींनी नोकरीही सोडून दिली. ती गोष्ट २०००-०१ सालची, सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेची, म्हणजे व्हीआरएसची आहे.

त्याआधीचं थोडक्यात. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. शेंडेफळ बहुधा आईच्या चाळिशीजवळचं, आणि सासू-सुनेची बाळंतपणं एकाच घरात मागंपुढं होत. बाईचं घर पोरांवाचून रिकामं व्हायला सवडच नव्हती. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, पुढं त्याची खूण असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला, आणि शहरी पांढरपेशा घरांत दोन मुलांवर थांबायची रीत पडली. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, तेव्हापासून बारावीनंतर मुलगा वसतिगृहात जाणं नेहमीचं झालं.

दरम्यान १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढत गेल्या आणि सत्तरच्या दशकात परीक्षा देऊन मुली मोठ्या संख्येनं क्लार्क म्हणून लागल्या. सदाशिव पेठेतल्या, दादरच्या, डोंबिवलीच्या. सासरी त्या कुणाच्या तरी सूनबाई होत्या, पण काउंटरवर त्यांना मॅडम म्हणत. लेजर टॅली झाल्याशिवाय घरी निघता येत नसे. बढती घेतली की बदली ठरलेली, म्हणून मुलं लहान आहेत या एका कारणापायी अनेकींनी बढतीचा अर्जच केला नाही आणि वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर काढली.

मग व्हीआरएस आली. पंधरा वर्षं सेवा किंवा वयाची चाळिशी पूर्ण असली की अर्ज करता येई. भरपाई अशी : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेचा पगार, दोन्हीत जे कमी असेल ते. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड वगैरे वेगळं. देशभरात १ लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती घेतली. बँकांना माणसं जास्त झाली होती, संगणक येत होते, हे बँकांच्या बाजूचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. वाद आहे तो घेणाऱ्यांच्या बाजूचा.

हिशेब मांडून पाहू. १९७५ साली एकविसाव्या वर्षी लागलेली बाई २००० मध्ये सेहेचाळीस वर्षांची. सेवा पंचवीस वर्षं, म्हणजे भरपाई पन्नास महिन्यांच्या पगाराइतकी. साठीपर्यंतची उरलेली सेवा चौदा वर्षं, म्हणजे १६८ महिने. घरोघरी चर्चा झाली ती पन्नास महिन्यांच्या रकमेची, कारण तो चेक एकरकमी दिसत होता. त्यातून फ्लॅटचं कर्ज फिटणार होतं, मुलाच्या एमएसचा पहिला हप्ता निघणार होता. अर्जावर सही तिची होती हे खरं. सासूबाईंचं आजारपण, धाकटीची बारावी, नवऱ्याची फिरती, नव्या संगणकाची धास्ती, अशी कारणं सांगितली जात आणि ती खोटी नव्हती. ‘मी माझ्या मर्जीनं घेतली, सुटले एकदाची,’ असं ठासून सांगणाऱ्याही पुष्कळ भेटतात. तरीही, त्याच घरात त्याच वयाचा नवरा बँकेत असता तर सासूबाईंच्या आजारपणासाठी त्यानं खुर्ची सोडली असती का, हा प्रश्न त्या चर्चेत कुणी काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ज्या कारणासाठी नोकरी सोडली, ते कारणच दोन-तीन वर्षांत विमानात बसलं. अमेरिकेनं परदेशी कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा १,१५,००० वरून २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० केली होती. पुण्यात परदेशस्थ मुलांच्या आईवडिलांची मंडळं नव्वदच्या दशकातच सुरू झाली होती, आता त्यांना सभासदांची वानवा राहिली नाही. दुसरीकडे व्याज घसरलं. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर १९९९ अखेर १२ टक्के होता, मार्च २००३ मध्ये तो ८ वर आला. मुदत ठेवींची तीच गत. व्याजावर घर चालेल हे गणित बिघडलं. नव्वदच्या दशकात पेन्शनऐवजी प्रॉव्हिडंट फंड निवडलेल्यांना तर दरमहा येणारं असं काहीच उरलं नाही. पेन्शनचा पर्याय पुन्हा मिळायला २०१० साल उजाडलं.

गाण्याचे वर्ग, मुक्त विद्यापीठाची अर्धी राहिलेली पदवी, भिशी, गिर्यारोहण, पोळीभाजी केंद्रात भागीदारी, हे सगळं या मधल्या काळातलं. त्यात हौस होती, पण सकाळी साडेनऊला तयार होऊन घराबाहेर पडायची जागा पुन्हा मिळवण्याची खटपटही होती. ते जेमतेम बसतं न बसतं तोच पहिलं नातवंड येई आणि न्यू जर्सीला सहा महिन्यांची बाळंतपणाची फेरी घडे. क्लास सुटे. बदली नको म्हणून बढती सोडलेल्या बाईला साठीला टेकल्यावर सातासमुद्रापार बदली मिळे, तीही बिनपगारी.

२००८ साली केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. राज्य सरकारनं २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. सरकारी बँकांतही स्त्रियांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची सोय झाली. धाकटीची बारावी आणि सासूबाईंचं पथ्यपाणी एवढ्या रजेत बहुतेकींचं निभावलं असतं.