पीएच आणि अल्कलिनिटी: पूलच्या पाण्यातले दोन वेगळे आकडे

बंगल्यात किंवा फार्महाऊसवर छोटा स्विमिंग पूल असणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पीएच 8 आला म्हणून ॲसिड टाकलं, 7.4 वर आणलं, आणि चार दिवसांत तो परत 8. मग पुन्हा ॲसिड. या फेऱ्यात कॅनच्या कॅन संपतात, कारण मोजायला हवी होती अल्कलिनिटी आणि मोजला गेला फक्त पीएच. ॲसिड टाकलं की दोन्ही उतरतात, सोडा टाकला की दोन्ही चढतात, त्यामुळे ही एकाच गोष्टीची दोन नावं असावीत असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही.

पीएच म्हणजे शाळेत शिकलेला सामू. पाणी या क्षणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, एवढंच तो सांगतो. अल्कलिनिटी सांगते, हे पाणी आणखी किती आम्ल पचवू शकेल. ही ताकद मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटची. पाण्यात आम्ल पडलं की बायकार्बोनेट त्याला धरतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, आणि पीएच फारसा हलत नाही. पूलमध्ये पीएच 7.2 ते 7.8 असावा. अल्कलिनिटी साधारण 80 ते 120 पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात.

पीएचकडे सगळ्यांचं लक्ष जातं यात चूक काही नाही. क्लोरीन पाण्यात पडल्यावर तयार होणारं, जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल किती राहणार, हे तोच ठरवतो. स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्यूरिक आम्ल, नसलेल्या पाण्यात पीएच 7.2 असेल तर मोकळ्या क्लोरीनचा जवळपास दोन-तृतीयांश भाग या रूपात असतो. पीएच 8 झाला की उरतो साधारण एक-चतुर्थांश. क्लोरीन तेवढंच टाकलं, काम मात्र निम्म्याहून कमी.

पण पीएच टिकवून धरते अल्कलिनिटी. ती फार कमी असेल तर पीएच जरा कशानेही उड्या मारतो: थोडं ॲसिड टाकलं की साडेसहावर, चिमूटभर सोडा टाकला की आठच्या वर. पीएच खाली घसरलेलं पाणी फरशांमधलं सिमेंट खातं आणि हीटरमधलं तांबं झिजवतं. उलट अल्कलिनिटी फार जास्त असेल, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइडही जास्त असतो. तो सतत हवेत निसटत राहतो आणि जाता जाता पीएच वर चढवतो. कारंजं किंवा धबधबा असलेल्या पूलमध्ये हे आणखी वेगाने होतं. वायू निघून गेल्याने अल्कलिनिटी मात्र तसूभरही कमी होत नाही. चार दिवसांत परत येणाऱ्या त्या 8 चं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आपल्याकडे हा प्रश्न पाणी कुठून आलं याच्याशी फार जोडलेला आहे. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडच्या काळ्या दगडातल्या बोअरवेलचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटने भरलेलं असतं. पूल भरला त्याच दिवशी अल्कलिनिटी 200 च्या वर असणं तिथे नवलाचं नाही. पाण्याच्या रेषेवर फरशीला जमणारा पांढरा थर याचाच. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी, तिथे गणित नेमकं उलटं. आणि लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस तर वेगळंच प्रकरण. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ शून्य. जुलैत पूल आठवडाभर ओसंडून वाहिला की मे महिन्यात नीट बसवलेला आकडा बराचसा धुऊन गेलेला असतो.

उपाय करताना कोणता सोडा घ्यायचा, हे नीट पाहा. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी चढवतो आणि पीएच जेमतेम हलवतो. सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, पीएच झपाट्याने वर नेतो, अल्कलिनिटी त्यामागोमाग. 50,000 लिटरच्या पूलमध्ये अल्कलिनिटी 10 पीपीएमने वाढवायला सुमारे 840 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तेवढीच उतरवायला बाजारातलं 30-33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं सुमारे एक लिटर.

उतरवण्याचं काम मात्र सबुरीचं आहे. ॲसिड टाकून पीएच 7.0 ते 7.2 पर्यंत आणायचा, मग कारंजं चालू ठेवून किंवा पाणी परत येणाऱ्या नोझलचं तोंड वर करून पाणी खळाळतं ठेवायचं. पीएच आपोआप चढतो, अल्कलिनिटी उतरलेलीच राहते. मग पुन्हा थोडं ॲसिड. हवा तो आकडा येईपर्यंत हेच. ॲसिड एका जागी ओतलं की अल्कलिनिटी उतरते आणि पसरवून टाकलं की पीएच, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यावर विश्वास ठेवू नका. पाण्यात मिसळल्यावर तेवढ्या ॲसिडचा परिणाम तेवढाच होतो. एका जागी ओतून तळाची फरशी मात्र खराब होते. ॲसिड नेहमी बादलीभर पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. आणि क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या त्याच्या आसपासही नकोत, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक आम्लाच्या क्लोरीन गोळ्या वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. या गोळ्या आम्लधर्मी असतात आणि रोज थोडी थोडी अल्कलिनिटी खातात. त्यांच्यासोबत पाण्यात साचणारं सायन्यूरिक आम्ल टेस्टमध्ये अल्कलिनिटी म्हणूनच मोजलं जातं, म्हणून सायन्यूरिक आम्लाच्या आकड्याचा साधारण तिसरा हिस्सा टेस्टच्या आकड्यातून वजा केल्यावर खरी अल्कलिनिटी कळते.

स्वस्त टेस्ट किटमध्ये दोनच बाटल्या येतात: क्लोरीनची पिवळी आणि पीएचसाठी फिनॉल रेडची लाल. अल्कलिनिटीची बाटली त्यात नसतेच, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. थेंब मोजून करायची अल्कलिनिटीची टेस्ट वेगळी आणून ठेवा. पाण्याचा रंग हिरव्यावरून लाल होईपर्यंत थेंब टाकायचे आणि मोजायचे. अनेक किटमध्ये एक थेंब म्हणजे 10 पीपीएम. पीएच आठवड्यातून दोन-तीनदा पाहावा, अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात मात्र प्रत्येक मोठ्या सरीनंतर आधी अल्कलिनिटी पाहायची, ती बसवायची, आणि मगच पीएचला हात लावायचा.