गाणारा तोच, दिसणारा तोच : पॉप व्हिडिओच्या संकेतांची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये माध्यम-अभ्यास हा विषय घेतलेल्या मुलांना पॉप व्हिडिओचं विश्लेषण करायला देतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांची यादी असते. गुडविन यांनी १९९२ साली आलेल्या पुस्तकात या व्हिडिओंचे संकेत मांडले होते. प्रत्येक संगीतप्रकाराची ठरलेली दृश्यं असतात. चित्र गाण्याच्या शब्दांना धरून चालतं, त्यांत भर घालतं किंवा त्यांच्याशी सरळ फारकत घेतं. संगीत आणि चित्र यांचंही असंच नातं असतं. रेकॉर्ड कंपनीला कलाकाराचा चेहरा जवळून हवा असतो. न्याहाळण्याचा खेळ चालतो, विशेषतः स्त्रीदेहाच्या बाबतीत. आणि जुने सिनेमे, चित्रं, जाहिराती यांचे संदर्भ अधूनमधून डोकावतात. यादी चोख आहे. पण ती हातात आली की मुलं बरोबरच्या खुणा करत सुटतात आणि हे सगळं आलं कुठून, हा प्रश्न तसाच राहतो. शोधायला गेलं तर बहुतेक संकेतांच्या मुळाशी कुणाची तरी अडचण सापडते.

हिंदी-मराठी सिनेमे पाहत वाढलेल्या माणसाला आधी मुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवण्यात काही नवल वाटत नाही. पार्श्वगायन आपल्याकडे १९३०च्या दशकातच रुळलं. पण आपल्याकडे आवाज लताबाईंचा आणि चेहरा नायिकेचा, आणि त्यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. पॉप व्हिडिओत गाणाराच दिसावा लागतो, कारण तो व्हिडिओ मुळात गाणाऱ्याच्या बदली पाठवलेला असतो. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉक्सी हजेरी.

या हजेरीचं सुरुवातीचं यंत्र १९४० सालचं. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं पॅनोरम नावाचं कपाटासारखं यंत्र बाजारात आणलं आणि ते अमेरिकेतल्या बारमध्ये, उपाहारगृहांत जाऊन बसलं. दहा सेंटचं नाणं टाकलं की पडद्यावर तीनेक मिनिटांचा गाण्याचा चित्रपट दिसे. या चित्रपटांना म्हणत साउंडीज. एका रिळावर आठ गाणी असत, आणि गिऱ्हाइकाला निवड नाही. हवं ते गाणं येईपर्यंत नाणी टाकत राहायची. आतला प्रोजेक्टर आरशांतून पडद्यावर चित्र पाडायचा, म्हणून प्रती उलट्या छापाव्या लागत. ड्यूक एलिंग्टन, नॅट किंग कोल, लुई जॉर्डन असे मोठे लोक त्यांत दिसले. गाणं आधी मुद्रित व्हायचं, मग त्यावर ओठ जुळवायचे, वाद्य वाजवल्याचं सोंग करायचं, आणि मध्येच काही कारण नसताना नाचणाऱ्या मुली यायच्या. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये स्कोपिटोन नावाचं तसंच यंत्र आलं. चित्र रंगीत झालं, छत्तीस गाण्यांतून निवड करता येऊ लागली आणि मुलींचे कपडे आणखी कमी झाले. सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा लॉरा मल्वी यांचा गाजलेला निबंध १९७५चा आहे. पॉप व्हिडिओतल्या त्या नजरेचा माग काढत गेलं, तर तो बारमध्ये खिशातली नाणी चाचपणाऱ्या गिऱ्हाइकापाशी पोचतो.

पुढची अडचण बीटल्सची. १९६६पर्यंत त्यांची मागणी इतकी वाढली होती की प्रत्येक देशाच्या टीव्हीवर जातीनं हजर राहणं शक्यच नव्हतं. मग मायकेल लिंडसे-हॉग यांच्याकडून 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या गाण्यांच्या फिल्म करून घेतल्या आणि त्या पाठवून दिल्या. लंडनच्या चिझिक हाऊसच्या बागेत ही चौकडी गाते-वाजवते, आणि त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारना जोडायला तिथं वीज कुठली, असं कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या फिल्ममध्ये पीटर गोल्डमन यांनी ओठ जुळवणंही सोडून दिलं. झाड, त्याच्याशी ताणलेल्या तारा, पियानो, उलटी फिरवलेली दृश्यं. शब्द एकीकडे, चित्र दुसरीकडे. गुडविन यांच्या 'फारकती'चं इतकं स्वच्छ उदाहरण नंतरही फार थोड्यांनी दिलं.

आणि मग ब्रिटिश रॉक बँड क्वीन. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सहा मिनिटांच्या आसपासचं, आणि त्यातला ऑपेराचा भाग आवाजावर आवाज चढवून बांधलेला. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात चार माणसांनी उभं राहून त्यावर नुसते ओठ हलवणं हास्यास्पद दिसलं असतं. शिवाय दौरा तोंडावर आलेला. दौऱ्याची तालीम एल्स्ट्री स्टुडिओत चालू होती, तिथंच १० नोव्हेंबर १९७५ रोजी ब्रूस गॉवर्स यांनी सुमारे चार तासांत व्हिडिओटेपवर चित्रीकरण उरकलं. अंधारात उजळलेले चार चेहरे त्यांच्याच आधीच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून उचललेले. त्या मुखपृष्ठामागे अभिनेत्री मार्लेन डीट्रिकचं जुनं छायाचित्र. म्हणजे संदर्भाच्या आत संदर्भ. मागे मागे विरत जाणारा चेहरा मिळाला तो कॅमेरा मॉनिटरवरच रोखून. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि कंपन्यांना उमगलं की कलाकार न येताही गाणं वर जातं. (मधोमध गाणारा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. त्याचा पहिला बँडही तिथलाच.)

१ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली ती बगल्सच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'नं. व्हिडिओ रेकॉर्ड कंपन्या फुकट द्यायच्या, म्हणजे वाहिनीला कार्यक्रम आयता आणि कंपनीला जाहिरात आयती. जाहिरातीत माल दिसला पाहिजे. आणि माल म्हणजे चेहरा, तोही त्या काळच्या लहान टीव्हीवर. क्लोजअपचा संकेत पक्का झाला तो या हिशेबात. सुरुवातीचा साठा लहान होता आणि त्यात ब्रिटिशांचे व्हिडिओ भरपूर, कारण त्यांना ही सवय आधीच लागलेली. ड्युरान ड्युरान हा ब्रिटिश बँड १९८२मध्ये थेट श्रीलंकेत जाऊन चित्रीकरण करून आला, आणि गाण्याशी संबंध नसलेलं परदेशी जंगल हाही एक संकेत होऊन बसला.

कृष्णवर्णीय कलाकार मात्र त्या पडद्यावर क्वचितच दिसत. १९८३मध्ये गायक डेव्हिड बोवीनं एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत त्याबद्दल छेडलं. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' लागलं आणि डिसेंबरात जॉन लँडिस दिग्दर्शित 'थ्रिलर' आला, जवळजवळ चौदा मिनिटांचा. खर्चाची सोय मजेशीर होती. व्हिडिओला पैसे द्यायची वाहिन्यांची पद्धत नव्हती, म्हणून तो कसा बनला याची वेगळी फिल्म काढली आणि ती शोटाइम ही वाहिनी आणि एमटीव्हीला विकली. 'मेकिंग' नावाच्या लोकप्रिय प्रकाराला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

आपल्याकडे उपग्रह वाहिन्या १९९१नंतर आल्या. १९९५च्या 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉय स्वतः दिसते, उमेदवार पुरुषांना एकेक करून नाकारते, आणि शेवटी उघड्या अंगाचा मिलिंद सोमण येतो. न्याहाळणारी ती, न्याहाळला जाणारा तो. दलेर मेहंदीचे व्हिडिओ त्यांतल्या मुलींमुळे चालतात अशी कुजबुज होती. १९९८च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये त्यानं मुली काढूनच टाकल्या आणि चार रूपांत सगळ्या जागा स्वतःच भरल्या. मला हे गुडविनवरचं सर्वांत खोडकर भाष्य वाटतं, अर्थात दलेरनं गुडविन वाचला असण्याची शक्यता कमीच.

यूट्यूब २००५मध्ये आलं. पुढच्याच वर्षी ओके गो या अमेरिकन बँडच्या चौघांनी आठ ट्रेडमिलवर, एकाच सलग शॉटमध्ये नाच केला. घरगुती मामला, कट नाहीत, आणि छोट्या चौकटीत एका नजरेत कळणारी कल्पना. कंपन्यांचा हात आखडल्यावर अशीच कल्पना परवडू लागली.

सगळ्यांत अलीकडची अडचण तारखेची आहे. गाणं बाहेर पडतं त्या दिवशी व्हिडिओ तयार नसतो, आणि रसिक तर त्याच रात्री शब्द लावून स्वतःच चढवून मोकळे होतात. म्हणून कंपन्याच पडद्यावर शब्द सरकवणारा लिरिक व्हिडिओ आधी टाकतात. १९६५मध्ये लंडनच्या सव्हॉय हॉटेलामागच्या बोळात बॉब डिलननं 'सबटेरेनियन होमसिक ब्लूज'चे शब्द पाट्यांवर लिहून एकेक पाटी खाली टाकली होती, काही शब्द मुद्दाम चुकवून. तिथं त्यानं ओठ हलवलेच नव्हते.