बॅटरी भुईवर ठेवली म्हणून उतरत नाही

बाबांची जुनी पिकअप यंदा कोठ्याबाहेर काढली. बॅटरी काढून फरशीवर ठेवताच मोठे बाबा ओरडले, "भुईवर नोको ठेवू, करंट जमिनीत उतरते!" यवतमाळकडच्या गावागावांत हे ऐकू येतं. म्हणून लोक खाली पाटी किंवा बारदाना टाकतात.

हा समज उगाच आलेला नाही. फार पूर्वी बॅटरीची पेटी डांबर लावलेल्या लाकडाची असे, पुढे कडक रबराची आली. तिच्यातून ओल आणि आम्ल झिरपे, करंटला वाट मिळे. आजची पेटी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकची. तिच्यातून वीज जमिनीत जातच नाही.

मग पडून राहिलेली बॅटरी उतरते कशाने? आतल्या रसायनाने. ती आपोआप झिजते आणि उष्णता दर १० अंशांनी वाढली की झीज साधारण दुप्पट होते. आपल्याकडचा मे महिना, त्यात टिनाचं छप्पर; खरा चोर तिथे आहे. दुसरा चोर वरच्या झाकणावर: आमच्या बॅटरीवर तेलकट धूळ आणि टर्मिनलला (तारा जोडायच्या टोकांना) बुरशीसारखा पांढरट-हिरवा क्षार होता. आम्लाने ओलावलेल्या त्या थरातून करंट हळूहळू वाहतो. बुच घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं, तर फसफसून सगळं निघालं.

बॅटरी सावलीत ठेवा, महिन्याला व्होल्टमीटर लावा. पूर्ण भरलेली १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्ज करा, नाहीतर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट नावाचा क्षार कडक बसतो. फरशीवर ठेवली तरी चालेल.